देवाची वेळ येईपर्यंत गप्प बसायचं का?

वाटसरू:
कोणी हात धुवून मागे लागलं की आपण म्हणतो 'देव बघून घेईल'. मला हे पटतं. बायबलमधल्या दावीदाचं बघा ना. इस्राएलचा शौल राजा ३,००० माणसं घेऊन त्याच्या जिवावर उठलेला, आणि एन-गेदीला ज्या गुहेत दावीद लपलाय त्याच गुहेत शौल एकटा येतो, तेही देहधर्मासाठी, म्हणजे पूर्ण बेसावध. सोबतचे म्हणतात हाच तो दिवस, देवानेच शत्रू हातात दिला. आणि हा काय करतो तर गुपचूप झग्याचा काठ कापतो, बास. त्याचीसुद्धा नंतर टोचणी लागते त्याला! चान्स मिळाला म्हणजे ती देवाचीच वेळ, असं नसतं.

रोखठोक:
त्याच्या पुढचं वाचलंत का? नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाने अपमान केला तर हाच दावीद तलवार बांधून ४०० माणसं घेऊन निघाला होता, नाबालची बायको अबीगईल आडवी आली म्हणून थांबला. आणि गुहेत त्याच्या हातात शस्त्र होतं हो, हात आवरला तर त्याला संयम म्हणू. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला 'धीर धर' सांगायचं आणि छळणारा मोकाट, ही कसली श्रद्धा? असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, दुसरं काय.

वाटसरू:
@रोखठोक अबीगईलचं उलट माझ्याच बाजूने जातं, देवाने वेळेवर माणूस पाठवला की.

रोखठोक:
मग ज्यांच्याकडे कोणीच आलं नाही त्यांचं काय?

शांतपणे:
तुम्ही दोघं दावीदावरच अडकलात. बायबलमधलाच नहेम्या घ्या. यरुशलेमची पडलेली भिंत बांधताना विरोधक सन्बल्लट आणि कंपनी आधी टिंगल करते, मग हल्ल्याचा बेत. हा प्रार्थना करतो आणि लगेच रात्रंदिवस पहारा बसवतो, अर्धी माणसं कामाला, अर्धी भाले घेऊन उभी. भेटायला ये म्हणून चार वेळा निरोप, चारही वेळा एकच उत्तर, मोठं काम चालू आहे, येता येणार नाही. भिंत ५२ दिवसांत पूर्ण. भरवसा ठेवला म्हणून पहारा काढला नाही त्याने.

रोखठोक:
नहेम्याला राजाची पत्रं होती, घोडेस्वार होते. सेटिंग असलेल्यांची उदाहरणं नका देऊ.

शांतपणे:
बरं, बायबलमधलाच योसेफ. भावांनीच विकलेला, खोट्या आरोपात तुरुंगात. तिथेच कैदेत असलेल्या, फारोच्या म्हणजे मिसरच्या राजाच्या प्यालेबरदाराला (राजाला पेय देणारा सेवक) स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि लगेच म्हणाला, सुटलास की फारोकडे माझा विषय काढ. म्हणजे देवावर विश्वास ठेवून शब्दही टाकला. तो गडी सुटला आणि विसरला. आणखी दोन वर्षं आत.

वाटसरू:
आणि बरोबर फारोला स्वप्न पडलं तेव्हाच आठवण झाली. आधी सुटला असता तर फारोसमोर उभाच राहिला नसता.

रोखठोक:
हे आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून. त्या दोन वर्षांत कोणी गजाआड डोकावून त्याला 'सगळं देवाच्या टायमिंगने होतं बघ' म्हटलं असतं ना, तर योसेफाने त्याला जे काही सुनावलं असतं त्याला माझा आधीच पाठिंबा.