गायरानावर रान: स्थानिक बी किती आणि कधी गोळा करावं?

डोंगरउतार:
भोरच्या पश्चिमेला घाटाजवळ ५ हेक्टर गायरान आहे, ग्रामसभेचा ठराव झालाय. जांभूळ, हिरडा, बेहडा, ऐन, खैर, बहावा अशी मिळून ४,००० रोपं येत्या जूनमध्ये लावायची आहेत. बी आसपासचंच हवं. आत्ता ऑक्टोबर चालू आहे. कोणतं बी किती किलो लागेल?

पाणलोट:
येता जून सोडून द्या. जांभळाचा हंगाम गेला. हिरडा-बेहडा हिवाळ्यात मिळेल, ऐन फेब्रुवारीनंतर. ते पेरून जूनपर्यंत रोप जेमतेम वीतभर होणार, आणि जागा गुरांची. यंदाच्या हिवाळ्यापासून येत्या जूनपर्यंत बी गोळा करा, लागवड त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात.

किलोवर जाऊ नका, बिया मोजा. बेहड्याची ४०० रोपं हवीत, उगवण ६० टक्के, वाफ्यात-पिशवीत जगणारी ८० टक्के, त्यातली १० टक्के वाकडी-रोगट म्हणून बाद, असं धरलं तर ४०० ÷ (०.६ × ०.८ × ०.९) = सुमारे ९२५ बिया. हिरड्याची उगवण २५ टक्केच धरली की तेवढ्याच रोपांना २,२०० च्या वर जाता. शंभर बिया तोलल्या की किलो आपोआप निघतील.

बीजमाता:
आकड्यापेक्षा बी किती झाडांचं आहे ते बघा. एकाच लेकुरवाळ्या बेहड्याखाली पोतं भरतं, पण मग सगळी रोपं भावंडं. प्रत्येक जातीची निदान २०-२५ झाडं, एकमेकांपासून ५०-१०० मीटर दूर, आणि प्रत्येकाचं साधारण सारखंच बी. झाडावरचं पाचव्या हिश्शाहून जास्त उचलू नका. देवराईत आधी गावाला विचारा, काही ठिकाणी पडलेलं फळही उचलत नाहीत. शिवाय छोट्या, एकाकी देवराईतली झाडं बहुधा एकमेकांच्या नात्यातलीच, म्हणून एकाच राईवर भिस्त नको. घाटमाथ्यापासून पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होतो. शिरवळकडचं बी तुमच्या जागेसाठी जवळचं नव्हे. राखीव वनातून घेणार असाल तर वनविभागाची परवानगी आधी.

रोपवाटिका:
जांभूळ साठवायचं नाही. गर धुवून, उन्हात न वाळवता आठवड्याच्या आत पेरा. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, जोमदार तेवढा ठेवा.
हिरड्याचा गर काढून आठळी वाळवा, रुंद टोकाकडून जरा छाटा (आतला गर्भ दुखवू नका), ३६ तास गार पाण्यात ठेवून पेरा. एवढं करूनही उगवण रेंगाळते.
बहावा टणक, उकळतं पाणी ओतून तसाच २४ तास राहू द्या. खैराच्या शेंगा उकलायच्या आत काढा, बी चाळून भोकं पडलेलं फेका. नीट वाळलेलं खैर-बहाव्याचं बी राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं की बुरशी ठरलेली.

डोंगरउतार:
पोकळ बी ओळखायला पाण्यात टाकून तरंगणारं काढलं तर चालेल ना?

रोपवाटिका:
जांभळाला चालेल. ऐनाला नाही, पंखांमुळे चांगलं फळही तरंगतं. त्याची ५० फळं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) आडवी कापून आत भरलेला पांढरा गर किती फळांत आहे ते मोजा. ऐनात पोकळ फळं पुष्कळ निघतात. पाणलोट यांच्या सूत्रात तेही प्रमाण घाला, नाहीतर ऐन कमी पडणार.