मदत हवी आहे: गँगमनच्या जाकिटाचा केशरी रंग नीट बसत नाही

मंडळी, परभणी स्टेशनच्या डायोरामासाठी (छोट्या आकारातल्या देखाव्यासाठी) १:८७ स्केलचा रेझिनचा गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या रेल्वे कामगाराचा पुतळा, रंगवतोय. उंची जेमतेम २० मिमी. साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून राखाडी प्रायमर दिलाय. त्यावर जाकिटाचा अ‍ॅक्रेलिक केशरी पातळ, मळका दिसतो. थर वाढवले की कपड्याच्या चुण्या बुजतात. आधी पांढरा हात द्यावा की फिकट गुलाबी? चंदेरी पट्ट्या शेवटी ओढीन.

खरी काळजी चेहऱ्याची आहे. पूर्णा-परभणी पट्ट्यात मे महिन्याच्या उन्हात रूळ तपासणारा रापलेला माणूस दिसायला हवा. नुसता तपकिरी वॉश (खूप पातळ केलेल्या रंगाचा हात) दिला तर चेहऱ्याला जीव येत नाही. खाली कोणता रंग घ्यावा, आणि गालाची हाडं, नाक कशाने उठवावं? ही माणसं मी लहानपणापासून पाहतोय, चेहरा त्यांचाच वाटला पाहिजे. नांदेडकडे बारीक टोकाचा चांगला ब्रश कुठे मिळेल, तेही सांगा.