मदत हवी आहे: क्यूजीआयएसमध्ये ओढा जागेवर बसत नाहीये

नमस्कार मंडळी, सासवडजवळ आमच्या गावात पाणलोटाचं काम चालूये, ग्रामसभेत लावायला क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करतेय, ओढे, बांध, विहिरी सगळं एकाच कागदावर. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट (भूभागाचा छापील नकाशा, क्र. ४७ जे/३) स्कॅन केली, जिओरेफरन्सरमध्ये (स्कॅन खऱ्या जागेवर बसवायचं साधन) चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकले, सीआरएस (आकडे कोणत्या मापनपद्धतीतले ते) ईपीएसजी ४३२६, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, दिला आणि तीन आठवडे रात्री बसून ओढे रेषा काढून डिजिटाइझ केले. विहिरी मात्र स्वतः फिरून घेतल्या, ४२ आहेत, प्रत्येकीच्या कठड्याला टेकून मोबाईलवरचा जीपीएसचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

आता ओढे आणि विहिरी असे दोन्ही लेयर (नकाशाचे थर) एकत्र लावले तर देवळामागची विहीर, जी ओढ्यापासून वीस पावलांवर आहे, ती शंभर मीटरच्या वर लांब दिसतेय. सॅटेलाइट इमेजवर विहिरी बरोब्बर बसतात पण ओढा लोकांच्या घरांवरून जातोय. सगळीकडे सारखाच सरकलाय, आग्नेयेला. परत सगळं काढावं लागेल का?

आणि खाली एसआरटीएमचा ३० मीटरवाला डीईएम (जमिनीच्या उंचीची फाइल) टाकून हिलशेड (उतारांची सावली) केलं तर नुसतं काळंपांढरं येतं, डोंगर दिसतच नाहीत.

प्रतिसाद:
ताई, काहीही परत काढू नका. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं मोजमाप) आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, आपल्या भागात दोन्हीत शंभर-सव्वाशे मीटरचा फरक पडतो, आणि सगळीकडे सारखं सरकलंय म्हणजे हेच कारण. तुमच्या ओढ्यांचे आकडे बरोबर आहेत, लेबल चुकलंय. लेयरवर राइट क्लिक करून सेट लेयर सीआरएसमध्ये 'कल्याणपूर १९७५' निवडा, अक्षांश-रेखांशवालं. पण त्याने नुसतं लेबल बदलतं, म्हणून मग तोच लेयर एक्सपोर्ट करून ईपीएसजी ३२६४३ मध्ये नवीन फाइल सेव्ह करा, तो यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन ४३, ७२ ते ७८ पूर्व, पुणे जिल्हा त्यातच येतो. ट्रान्सफॉर्मेशन (रूपांतराचं सूत्र) विचारलं तर भारतासाठीचं घ्या. थोडे मीटर इकडेतिकडे राहतील, पण १:५०,००० च्या शीटवरून काढलेल्या रेषेत तेवढं असणारच.

हिलशेडचं म्हणजे तुमच्या डीईएममध्ये उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत आहे, त्यामुळे प्रत्येक उतार कड्यासारखा होतो. रास्टरसुद्धा (म्हणजे हा डीईएम) आधी ३२६४३ मध्ये वॉर्प करा, म्हणजे त्या पद्धतीत बदलून घ्या (रीसॅम्पलिंग बायलिनिअर ठेवा, नाहीतर पट्टे येतात) आणि मग हिलशेड.

धागाकर्ती:
दादा, बसलं!! देवळामागची विहीर काठावर आली, दोनदा झूम करून बघितलं, आणि हिलशेडमध्ये पुरंदरचा डोंगर अगदी घरून दिसतो तसा दिसतोय. तीन आठवड्यांची मेहनत वाचवलीत, मनापासून आभार. आता फक्त विहिरींची नावं ओढ्याच्या रेषेवर चढतायत, ए३ वर प्रिंट काढली की वाचता येत नाहीत, तेवढं कसं टाळायचं सांगाल का?

प्रतिसाद:
ओढ्यांच्या लेयरला लेबलच्या सेटिंगमध्ये ऑब्स्टॅकल (अडथळा) करा, म्हणजे नावं रेषा टाळतील, आणि नावांना पांढरा बफर (भोवतीची कडा) द्या, १ मिमी पुरे.