सोसायटीच्या जकुझीत पीएच कधी खाली कधी वर, क्लोरीनचं नक्की काय चुकतंय?

पोडियमवाला_मुलुंड

नमस्कार मंडळी, आमच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये पूलच्या शेजारी एक जकुझी आहे, साधारण ३००० लिटरची, वर छप्पर आहे म्हणजे ऊन अजिबात येत नाही, तापमान ३८-३९ ला ठेवतात. यंदा कमिटीत मेंटेनन्स माझ्याकडे आलाय आणि ह्या एका डबक्याने डोकं फिरवलंय राव. मोठा पूल मस्त चालतो, कोणाची तक्रार नाही. जकुझीत मात्र पीएच किटवर कधी शेवटचा पिवळा रंग, म्हणजे ६.८ किंवा त्याच्याही खाली, मग पूल मेंटेनन्सवाला सोडा अॅश (धुण्याचा सोडा) ओततो आणि दुसऱ्या दिवशी ८ च्या वर. मे महिन्यात टँकर मागवले होते तेव्हा तर सोडा अॅश टाकल्या टाकल्या पाणी ताकासारखं पांढरं. टाइल्सच्या मधलं ग्राउट निघायला लागलंय, इनलेटजवळ हिरवट निळे डाग पडलेत आणि हिटरची कॉइल पुन्हा खराब झाली, नवीन आणून ठेवलीय पण अजून बसवली नाही.

ह्यात भर म्हणजे मागच्या रविवारनंतर तीन चार पोरांना स्विमसूटच्या खाली लाल पुळ्या आल्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाभारत चालू आहे. पण क्लोरीन तर व्यवस्थित दिसतंय! किटमध्ये थेंब टाकले की चांगला गडद पिवळा रंग येतो. अल्कलिनिटीची पट्टी ८० दाखवते म्हणजे तीही बरोबरच ना? कॉन्ट्रॅक्टर म्हणतो क्लोरीन अजून वाढवू. पूलमध्ये टाकतो त्याच २०० ग्रॅमच्या टॅब्लेट, टीसीसीए ९० वाल्या, तरंगत्या डब्यात घालून इथे पण सोडतात. पाणी पूर्ण कधी बदललं ते विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, बहुतेक दिवाळीनंतर नाहीच. जाणकारांनी सांगा काय करू.

पंपरूम_ठाणे

दादा पहिलं काम, जकुझी आजच बंद करा आणि दोरी बांधून पाटी लावा. त्या पुळ्या म्हणजे बहुतेक स्युडोमोनासचं काम, गरम पाण्यात क्लोरीन कमजोर पडलं की हा जंतू पहिला हजर, पोरांना एकदा डॉक्टरला दाखवा आणि जकुझीत बसले होते हे आवर्जून सांगायला सांगा.

आता मूळ दुखणं. ती टॅब्लेट. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोर, त्यात क्लोरीन असतं तसं सायन्युरिक अॅसिड पण असतं, आम्ही लोक स्टॅबिलायझर किंवा सीवायए म्हणतो. उघड्या पूलमध्ये ऊन क्लोरीन खातं म्हणून ते थोडं लागतं. तुमच्याकडे छप्पर आहे, ऊन नाही, मग ते कशाला? आणि हिशोब बघा, २०० ग्रॅमची एक टॅब्लेट ३००० लिटरमध्ये पूर्ण विरघळली की एकूण ६० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन दिलं आणि त्याच्यासोबत ३६ पीपीएम सीवायए पाण्यात बसलं. क्लोरीन वापरून संपतं, सीवायए संपत नाही, उडत नाही, पाणी उकळलं तरी जात नाही, पाणी फेकलं तरच जातं. तीच टॅब्लेट दोन लाख लिटरच्या पूलमध्ये एक पीपीएमच्या पण खाली सीवायए वाढवते म्हणून तिकडे काही कळत नाही. तुमच्या जकुझीत चार पाच टॅब्लेट गेल्या की दीडशेच्या वर, आणि दिवाळीपासून किती गेल्या असतील देव जाणे. सीवायए एवढं असलं की ते क्लोरीनला धरून बसतं, किटवर आकडा दिसतो पण जंतू मारायला मोकळं क्लोरीन नावाला उरतं. अमेरिकेच्या सीडीसीचा तर सरळ सल्ला आहे की हॉट टबमध्ये सीवायए असलेलं क्लोरीन वापरूच नका. आपल्याकडे होलसेलला टॅब्लेटचा ड्रम स्वस्त पडतो म्हणून सगळीकडे तीच, असो.

दुसरं म्हणजे तुमचं किट. थेंब टाकून पिवळा रंग येतो ते ओटीओ किट, ते टोटल क्लोरीन दाखवतं, म्हणजे घाम, लघवी, क्रीम ह्यांना चिकटून निकामी झालेलं क्लोरीन पण त्यातच मोजलं जातं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट आणा, फ्री म्हणजे अजून कामाचं क्लोरीन आणि टोटल वेगवेगळं कळतं. फक्त क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून पाणी बिनरंगाचंच दिसतं, तेव्हा क्लोरीन नाही समजून अजून ओतू नका, नमुना साध्या पाण्यात पातळ करून परत बघा.

निवांत_बोरिवली

हिटर बंद करून पोरांसाठी छोटा पूल करा त्याचा. मुंबईत मे महिन्यात ३९ डिग्रीच्या पाण्यात बसायला कोण जातं हो? बाहेर पण तेच आहे की.

पोडियमवाला_मुलुंड

काका ते सुचवून झालं जनरल बॉडीत, ज्येष्ठ नागरिकांनी गुडघ्यांच्या कारणाने हाणून पाडलं 😄

रसायन_पार्ले

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. पंपरूम दादांचं सगळं पटलं, पण पीएच असा झोके का घेतो ते त्यात आलं नाही.

ट्रायक्लोर स्वतः चांगलंच आम्लधर्मी असतं, पाण्यात त्याचा पीएच ३ च्या आसपास. आता मुंबईचं नळाचं पाणी कुठून येतं, भातसा, वैतरणा, तानसा वगैरे तलावांतून, म्हणजे पावसाचं साठवलेलं मऊ पाणी. त्यात कॅल्शियम कमी आणि अल्कलिनिटी पण कमी. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, मुख्यतः बायकार्बोनेट. ट्रायक्लोर रोज थोडं थोडं ते बायकार्बोनेट खातं, आणि ते संपत आलं की पीएचला धरून ठेवणारं कोणी राहत नाही, मग जरा आम्ल पडलं की खाली आणि जरा सोडा अॅश पडला की वर. तुमच्या पट्टीवर ८० दिसतं ना, त्यातली गंमत अशी की सायन्युरिक अॅसिडचे क्षार पण त्या टेस्टमध्ये अल्कलिनिटी म्हणून मोजले जातात. साडेसातच्या आसपास पीएच असेल तर सीवायएचा साधारण एक तृतीयांश भाग वजा करायचा. सीवायए १५० धरलं तर ५० गेले, खरी अल्कलिनिटी उरली ३०. म्हणजे पट्टी खोटं बोलत नाही पण तुम्हाला हवं ते सांगतही नाही.

ग्राउट आणि कॉइलचं कारण पण हेच. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, अल्कलिनिटी कमी आणि पीएच खाली, ते पाणी स्वतःची भूक भागवायला ग्राउटमधलं कॅल्शियम ओढून घेतं आणि हिटरचं तांबं खातं, तुमचे हिरवट निळे डाग म्हणजे बहुतेक तेच तांबं. उलट टँकरचं बोअरवेलचं पाणी जड असतं, भरपूर कॅल्शियम, त्यात सोडा अॅशने पीएच एकदम चढवला की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, तो तुमचा ताकासारखा पांढरेपणा, आणि गरम पाण्यात तर ते अजूनच लवकर, तेही नेमकं कॉइलवर जाऊन बसतं. पाणी खाणारं आहे की थर बसवणारं हे पीएच, तापमान, कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि विरघळलेले क्षार मिळून ठरवतात, लँजेलियर नावाच्या माणसाने १९३६ मध्ये त्याचा निर्देशांक मांडला, तोच आजही पूलवाले वापरतात. तुमचा कॉन्ट्रॅक्टर नळाच्या आणि टँकरच्या पाण्याला बारा महिने एकच डोस देतोय हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

पोडियमवाला_मुलुंड

मॅडम, दादा, खूप आभार. जकुझी बंद केली आणि पंपरूमवाल्या दादांचा हिशोब वाचून सीवायए टेस्ट मागवली, ती काळ्या ठिपक्याची नळी, ढगाळ झालेला नमुना ओतत जायचा आणि ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. ठिपका पहिल्याच घोटाला गायब, १०० च्या वर आहे एवढंच कळलं. तर टॅब्लेट बंद हे नक्की. पण कॉन्ट्रॅक्टरला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, कॅनमधलं लिक्विड क्लोरीन) वापर म्हटलं तर तो म्हणतो हायपोने पीएच सारखा वर जातो, रोज अॅसिड मारावं लागेल. खरं का? आणि ब्रोमीन कसं?

रसायन_पार्ले

अर्धं खरं. हायपोच्या कॅनमध्ये पीएच १३ च्या आसपास असतो त्यामुळे टाकल्यावर पीएच वर जातो, पण तेच क्लोरीन आपलं काम करून संपतं तेव्हा आम्ल तयार होतं आणि बराचसा हिशोब फिटतो, मागे थोडं मीठ उरतं एवढंच. जकुझीत पीएच चढत राहण्याचं मोठं कारण जेट. फुगे उडवले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सोड्याची बाटली हलवल्यासारखं, आणि तो गेला की पीएच वर. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका हा वायू जास्त सुटतो. म्हणून हायपो वापरणार असाल तर अल्कलिनिटी पूलसारखी १०० च्या वर नेऊ नका, ५० ते ८० मध्ये ठेवा, चढण्याचा वेग आपोआप कमी होईल. आणि पीएच ८ ला गेला की हायपोक्लोरस अॅसिड, म्हणजे जंतू मारणारा खरा भाग, जेमतेम पाव उरतो, साडेसातला निम्मा असतो. त्यामुळे ७.२ ते ७.८ मध्ये ठेवणं हे नुसतं डोळे चुरचुरू नयेत म्हणून नाही.

अलिबागची_ताई

ब्रोमीनबद्दल मी सांगते, आमच्या बंगल्यावर छोटा टब आहे त्यात तेच वापरतो. गरम पाण्यात छान चालतं, वास कमी, पीएच जरा वर गेला तरी क्लोरीनइतकं लंगडं पडत नाही. टॅब्लेट हळूहळू पीएच आणि अल्कलिनिटी खाली आणतात त्यामुळे आठवड्यातून थोडा खायचा सोडा लागतोच. महाग आहे हो पण, आणि एकदा पाण्यात ब्रोमाइड गेलं की वरून क्लोरीन टाकलं तरी त्याचं ब्रोमीनच होतं, परत क्लोरीनवर यायचं तर टब रिकामाच करायला लागतो. चार माणसांच्या टबला ठीक, सोसायटीत जिथे दर वर्षी कमिटी आणि कॉन्ट्रॅक्टर बदलतो तिथे मी तरी नाही सुचवणार, कोणीतरी एक दिवस हायपो ओतणारच.

पंपरूम_ठाणे

ताईंशी सहमत. सोसायटीला हायपोच बरा. ब्लीचिंग पावडरचा भाऊ असतो तो कॅल हायपो (कॅल्शियम हायपोक्लोराइट) पण चालतो, सीवायए नाही त्यात, पण तो कॅल्शियम वाढवतो, म्हणजे नळाच्या मऊ पाण्यात एकवेळ फायदाच आणि टँकरच्या पाण्यात नुकसान.

आता पाणी पूर्ण काढा. पाणी वाया जातं म्हणून कोणी ओरडलं तर सांगा की ३००० लिटर म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरचा तिसरा हिस्सा पण नाही. काढायच्या आधी क्लोरीन चढवून जेट चालू ठेवा, पाइपात चिकट थर असतो जंतूंचा तो सुटू दे, टाइल्स घासा, फिल्टर उघडून धुवा. नळाचं पाणी भरलं की आधी अल्कलिनिटी बघा. ३००० लिटरला साधारण २५० ग्रॅम खायच्या सोड्याने ती ५० ने वाढते, सोडा अॅश नाही, खायचा सोडा, तो पीएचला धक्का कमी देतो. कॅल्शियम १५० च्या खाली असेल तर कॅल्शियम क्लोराइड, दोन पाणीवाला (डायहायड्रेट) मिळाला तर ४५० ग्रॅमला अंदाजे १०० वाढतं, बादलीत विरघळवून टाका, बादली गरम होते, घाबरू नका. मग हायपो, ताजा १० टक्क्याचा असेल तर ३० मिलीला एक पीपीएम, फ्री क्लोरीन ३ ते ५ राहील असं बघा. पंपरूमच्या उकाड्यात पडलेल्या कॅनचा दम निघून जातो म्हणून मोठा साठा करू नका आणि डोस कॅनवर नाही, किटवर ठरवा.

एक गोष्ट ओरडून सांगतो. ट्रायक्लोरचा तो तरंगता डबा, मग्गा किंवा बादली हायपोला किंवा कॅल हायपोला वापरू नका, धुवून पण नाही. दोन्ही एकत्र आले तर आग लागते, स्फोट होतो. आणि हायपोत अॅसिड पडलं की क्लोरीन वायू, बंद पंपरूममध्ये माणूस बाहेर येत नाही. टाकणाऱ्या पोराला हे मराठीत, हिंदीत, त्याच्या भाषेत लिहून भिंतीवर चिकटवा.

पुढे पाणी कधी बदलायचं तर लिटर भागिले ११, त्याला भागिले रोजची माणसं. रोज २० जण बसत असतील तर दर दोन आठवड्यांनी. क्लोरीन कितीही नीट ठेवलं तरी घामाचे आणि क्रीमचे क्षार जमतातच.

पोडियमवाला_मुलुंड

दादा एकदम कामाचं. शनिवारी रिकामी करतोय. नवीन कॉइल आधी बसवून घेऊ का, तो माणूस उद्याच येतो म्हणतोय?

पंपरूम_ठाणे

नको. पाणी भरून पीएच आणि अल्कलिनिटी दोन दिवस जागेवर राहिली की मग बसवा, तोवर थंडच फिरवा. आणि टँकर आला तर भरायच्या आधी त्याच्या पाण्याचं कॅल्शियम मोजा, तेव्हा कॅल्शियम क्लोराइडचं पोतं कुलपात.