अनुभव धागा : हंगाम संपता संपता फातोर्डा

मी सावंतवाडीचा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं, टीम बदलत नाही. महाराष्ट्राची टीम मुंबईत, पाचशे किलोमीटरवर. फातोर्डा, म्हणजे मडगावातलं गोव्याच्या टीमचं मैदान, नव्वदेक किलोमीटरवर. शाळेत गणितात नापास झालो होतो, पण एवढं गणित मलाही येतं. म्हणून फुटबॉलमध्ये आपली टीम एफसी गोवा.

हा धागा काढायचं कारण, परवा जुना मोबाईल उघडला आणि त्यात २८ फेब्रुवारी २०१८ चे फोटो सापडले. त्या वर्षी आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) दहा टीम होत्या आणि पहिल्या चार सेमीला जायच्या. फेब्रुवारीच्या मध्याला आपली गाडी रुतली होती. लोबेरा कोच, कोरो पुढे, खेळ बघायला देखणा, पण मागचं दार सताड उघडं. मग काय झालं कोण जाणे! २१ तारखेला घरच्या मैदानावर कोलकात्याच्या एटीकेला ५-१. २५ ला पुण्यात जाऊन ४-०. आणि २८ ला शेवटचा साखळी सामना, जमशेदपूरला. गोव्याचे गुण २७, त्यांचे २६. आपल्याला बरोबरी चालणार होती, त्यांना जिंकायलाच हवं होतं. म्हणजे नावाला साखळी सामना, खरं तर नॉकआउट.

दुसऱ्या दिवशी होळी. गावात होळीचं झाड तोडून आणायची गडबड, आणि आम्ही चौघं तिठ्यावरच्या दुकानात टीव्हीसमोर. दोनदा निरोप आला, "खांदो देवक येतास की नाय?" जमशेदपूरच्या गोलकीपरला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं, तेव्हा आमच्यातला एकजण म्हणाला, चला आता, जिंकलो. बाकी तिघांनी त्याला मारायचंच बाकी ठेवलं. कोरोने दोन मारले, लान्झारोतेने एक. ३-०. आठ दिवसांत तीन मॅच, बारा गोल मारले, एक खाल्ला. शिट्टी वाजली तसे धावत जाऊन झाडाला खांदा दिला आणि त्या वर्षी बोंब जरा जास्तच मोठी मारली.

तुमचा असा हंगामाच्या शेवटचा सामना लिहा. जिंकलेला, हरलेला, कसाही. फातोर्ड्यातच बसून बघितलेला हवा असंही नाही. मुंबई सिटीवाल्यांनाही परवानगी आहे. (नाइलाजाने.)

रातांबा

माझा मामा मडगावला राहतो, फातोर्ड्याच्या मैदानापासून चालत पंधरा मिनिटं. २० डिसेंबर २०१५, आयएसएलच्या दुसऱ्याच हंगामाचा फायनल, चेन्नईच्या टीमविरुद्ध, म्हणजे चेन्नईनविरुद्ध, आणि तोही आपल्या मैदानावर. मी तेव्हा नववीत. ब्राझीलचा जुना खेळाडू झिको कोच होता. झिको म्हणजे कोण ते मला मामाने बसमध्ये सांगितलं, बसस्टँडवर सांगितलं आणि रांगेत परत सांगितलं.

१-१ चालू होतं. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत गेली, २-१. सगळं स्टेडियम नाचायला लागलं आणि मामा खाली वाकून चपला शोधायला लागला. "चल, गर्दी होवच्या आदी भायर पडूया." मामाला प्रत्येक ठिकाणाहून गर्दीच्या आधी निघायचं असतं, लग्नातसुद्धा. एक चपल सापडली, दुसरी कुणीतरी लाथाडली होती. ती शोधेपर्यंत ९० व्या मिनिटाला चेंडू आपला गोलकीपर कट्टीमणीला लागून आपल्याच जाळ्यात गेला. २-२. आणि दोन मिनिटांनी मेंडोझा. २-३.

मामा एका पायात चपल घालून उभा होता. दुसरी शेवटपर्यंत मिळाली नाही. तसाच चालत घरी आला. मामीने विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "चपल ग्येली."

पुढचं ऐका. २० मार्च २०२२, परत फातोर्डा, परत फायनल. हैदराबाद विरुद्ध केरळ, आपली टीम कुठेच नाही. सगळं मैदान केरळवाल्यांनी पिवळं केलेलं. १-१, पेनल्टी. हैदराबादच्या गोलमध्ये कोण? लक्ष्मीकांत कट्टीमणी, गोव्याचाच पोरगा. तीन पेनल्टी अडवल्या त्याने! मामा टीव्हीसमोर उठून उभा राहिला, डोळे भरलेले. म्हणाला, "सा वर्सां उशीर केलंस रे पुता."

व्हय_म्हाराजा

धागाकर्त्याच्या होळीला जोडून. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. १ मार्च २०१८ ला रात्री होळी उभी राहिली आणि गावकर गाऱ्हाणं घालायला पुढे आले. आमच्या वाडीतली सात-आठ पोरं गोव्यात कामाला, सगळी फातोर्ड्याला जाणारी. त्यांनी गावकरांच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हातारे आधी वैतागले. मग घातलंच.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी रवली हत. तेंची जी काय ती गोयची टीम आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती काल जितली, तशीच फुडे जितान येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"जो काय तेंच्या वायट चितता, तेचो बॉल गोलाच्या भायर जावंदे..."

इथे अर्धी मंडळी हसून खाली बसली, पण "व्हय म्हाराजा" तेवढंच जोरात झालं.

१० मार्चला फातोर्ड्यात सेमीचा पहिला सामना चेन्नईनबरोबर १-१ झाला. १३ ला चेन्नईत ०-३. संपलं. दुसऱ्या दिवशी पोरं गावकरांकडे, देव पावला कसा नाही म्हणून. म्हातारा सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "पयलो सामनो वाचवलो की नाय? फुडचो चेन्नैत. चेन्नै काय आमच्या देवाच्या शिवेत येता?"

तेव्हापासून आमच्या वाडीत सेमीचं वेळापत्रक आलं की पहिला प्रश्न असतो, सामना शिवेत आहे की शिवेबाहेर.

काजूबाग दोडामार्ग

मला एवढंच म्हणायचं आहे की गवा हे ज्या टीमचं चिन्ह आहे तिला पाठिंबा द्यायला आमच्या भागात मन मोठं लागतं. रात्री गव्यांनी बाग तुडवायची, संध्याकाळी आपण गव्यांच्या नावाने ओरडायचं. आई म्हणते, यांना इतकं ओरडून बोलावतोस म्हणून ते येतात.

चालू द्या.

चाकरमानी नं. १

नाइलाजाने परवानगी दिल्याबद्दल आभार. गाव देवगड, मुक्काम अंधेरी, टीम मुंबई सिटी. अंधेरीचं मैदान घरापासून जवळ, त्यामुळे तुमचंच गणित मी माझ्या बाजूने केलं.

२४ एप्रिल २०२४. मी आंब्यासाठी गावी आलो होतो. बागेत पेट्या भरायची घाई, पण चुलतभाऊ आणि त्याचे दोघे मित्र फातोर्ड्याला निघाले होते. सेमीचा पहिला सामना, गोवा विरुद्ध आम्ही. गाडीत चौथी सीट रिकामी होती. बांद्याच्या पुढे पैज लागली, पाच डझनांची पेटी. कच्ची नाही, पिकलेली, एक नंबर फळ.

मी निळा शर्ट बॅगेतच ठेवला. भित्रा नाही, पण गाडी त्यांची होती आणि रात्री परत न्यायचं त्यांच्याच हातात.

मॅच सुरू झाल्यापासून गोवाच वरचढ. पहिल्या अर्ध्यात एक, दुसऱ्यात एक, २-०. आमची टीम नुसती पळत होती. ८५ मिनिटं, ८८ मिनिटं. भाऊ शेजारी बसून पेटी कशी पाठवायची ते सांगत होता, कुठल्या गाडीने, कुणाकडे. ९० व्या मिनिटाला छांगतेने एक मारला. भाऊ म्हणाला, असू दे, इज्जत राहिली तुमची. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप. २-२. आता भाऊ गप्प. इंज्युरी टाईमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगते. ३-२.

मी आजूबाजूला बघितलं. इतकी माणसं आणि कुणाचाच आवाज नाही असं मी फक्त तेराव्याच्या पंगतीत बघितलं आहे. मला ओरडायचं होतं. छातीत ओरडा अडकून दुखायला लागलं. शेवटी तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं केलं.

परतीचा प्रवास सांगत नाही. मडगाव ते पत्रादेवी गाडीत एक शब्द नाही. म्हापशाच्या पुढे एकाने रेडिओ लावला, दुसऱ्याने बंद केला. मुंबईत दुसरा सामना आम्ही २-० जिंकलो आणि पुढे कपही आणला, पण त्याचं मला फार काही आठवत नाही. आठवतो तो रुमाल.

वेर्णा सेकंड शिफ्ट

मी रत्नागिरीची, तेव्हा वेर्ण्याला कंपनीत होते. मैत्रिणींनी ओढत नेलं म्हणून गेले, फुटबॉलचं काही कळत नव्हतं. ७ मार्च २०२०, सेमीचा दुसरा सामना. चेन्नईत ४-१ हरून आले होते, म्हणजे आशा जवळजवळ नाहीच. लीगमध्ये मात्र आपण पहिले होतो, शिल्ड मिळाली होती, आशियाच्या मोठ्या स्पर्धेच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब. हे सगळं मला शेजारच्या अनोळखी बाईने सांगितलं. डबा उघडून बसली होती, मला एक पातोळी दिली.

पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत २-०. मग चेन्नईनने दोन परत केले, सगळं थंड. ती बाई डबा आवरायला लागली. शेवटच्या दहा मिनिटांत अजून दोन गोल! ४-२. दोन्ही सामने मिळून ५-६. शेवटची पाच-सात मिनिटं मी आणि ती बाई एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. नाव विचारायचं राहिलं.

१४ मार्चचा फायनल त्याच मैदानात झाला, पण प्रेक्षकांविना. नंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. खोलीत अडीच महिने एकटी होते. गर्दी आठवायची झाली की मला तीच संध्याकाळ आठवायची.

सातवा नंबर

२०२२-२३ पासून पहिल्या चारऐवजी सहा टीम पुढे घ्यायला लागले. म्हटलं, आता तर चुकणं कठीण. त्याच वर्षी आपण सातवे आलो. शेवटच्या सामन्यात बेंगळुरूकडून ३-१ हार, गुण २७, सहाव्या ओडिशाचे ३०. माझ्याकडे एवढाच अनुभव आहे.

रंगपटातून

मी दशावतारात काम करतो. ६ एप्रिल २०२५, रामनवमी. देवळात उत्सव, रात्री आमचं नाटक. त्या संध्याकाळी फातोर्ड्यात बेंगळुरूविरुद्ध सेमीचा दुसरा सामना. पहिला तिकडे ०-२ हरलेलो. म्हणजे दोन हवेत, आणि खायचा एकही नाही.

देवळाच्या मागच्या पडवीत आमचा रंगपट. पेट्या मांडल्या, आरसे टेकवले, मी मोबाईल आरशाला टेकवला. माझी भूमिका राजाची. उत्तरार्ध सुरू झाल्या झाल्या बोर्खाने पहिला मारला तेव्हा माझ्या चेहऱ्याला नुसती सफेती होती. मग भुवया काढायला घेतल्या. राजाच्या भुवया सोप्या नसतात, हात स्थिर लागतो. ८८ व्या मिनिटाला सादिकूने दुसरा मारला आणि माझी उजवी भुवई कानापर्यंत गेली. दोन्ही सामने मिळून २-२! पेटीवाला, तबलजी, राक्षस, सगळे माझ्या आरशासमोर. स्त्रीपार्टी नेसता नेसता तसाच आला, अर्धं लुगडं हातात. एक्स्ट्रा टाईम होणार म्हणून मालकांना निरोप पाठवला, नाटक अर्धा तास उशिरा करा. मालकांचा उलट निरोप, "राजा नसलो तरी राक्षस उभो करतलंव."

निरोप परत येईपर्यंत इंज्युरी टाईममध्ये सुनील छेत्रीने डोक्याने मारला. चाळीस वर्षांचा माणूस! हरल्याचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, तो हेडर बघून तोंडातून "वा" निघालं. रंगमंचावर चाळीस वर्षांच्या राजाचंच काम मी रोज करतो, मला त्याची किंमत कळते.

भुवई पुसली, परत काढली. त्या रात्री दरबारात प्रधानाने नेहमीप्रमाणे विचारलं, "महाराज, आज मुद्रा उदास का?" समोर बसलेल्या पोरांपैकी एकजण ओरडला, "छेत्री!" पाच मिनिटं नाटक पुढे गेलं नाही.

(धागाकर्ता)

रंगपटवाले, नाटक कुठल्या गावात होतं? मला वाटतं मी त्या पोरांच्या मागेच बसलो होतो.

आणि चाकरमानी, पेटीचं काय झालं? दिली की नाही भावाने?

चाकरमानी नं. १

दिली. वचनाला जागला. मुंबईत येऊन उघडली. वरचा थर एक नंबर, खालचे सगळे रायवळ. मध्ये भगव्या रंगाची कागदी पट्टी आणि त्यावर पेनाने लिहिलेलं, "९० मिनिटांपर्यंत हापूस."