गळ्याला भोक पाडून नळी घालायची म्हणतात, सही करू काय?

उद्यमबागचा_गडी:

नमस्कार मंडळी. आमचे आप्पा, वय 66. येळ्ळूर भागात गाव, घरची भातशेती. दोन वर्षांमागं स्टेंट बसवलाय, तेव्हापासनं रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. चैत्र यात्रेला गावचा टेम्पो जोतिबाला गेला, त्यात आप्पा, मामा आणि मी. पायऱ्या उतरताना गुलालावरनं आप्पांचा पाय घसरला आणि डोकं दगडी पायरीवर आपटलं. रक्त नाही, काही नाही, नुसतं टेंगूळ. उठले, टोपी झाडली आणि मलाच म्हणाले, "बघत काय उभारलास, चप्पल कुठं गेली बघ." दुपारी चार घास जेवले पण.

कागलच्या पुढं उलटी झाली. आम्हाला वाटलं ऊन लागलं. वाटेत एका दवाखान्यात दाखवलं. पित्त म्हणून इंजेक्शन मारलं आणि सोडलं. गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गोळ्यांचं पाकीट खिशात होतं हो माझ्या. तवंदी घाटात मामांना म्हणाले, डावा हात झोपलाय. संकेश्वर येईपर्यंत हाकेला ओ देईनात. माघारी कोल्हापूरला वळायचं की पुढं बेळगाव, यावर टेम्पोत भांडणं. शेवटी बेळगाव गाठलं.

सीटी केल्यावर उजव्या बाजूला मेंदूवर रक्त साचलेलं दिसलं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलाय. आज दहावा दिवस, अजून व्हेंटिलेटरवर. चिमटा काढला तर डोळे उघडतात, उजवा पाय ओढून घेतात. डावीकडं काही नाही. सगळं डोकं भादरलंय, तरी कानाच्या मागच्या घडीत गुलाल अजून तसाच आहे. भेटायला पाच मिनिटं सोडतात, मी तेवढंच बघत उभारतो.

आता तोंडातली नळी काढून गळ्यात घालायची म्हणतात, ट्रेकिऑस्टॉमी. मामा म्हणतात, गळा कापलेला माणूस परत बोललाय काय कधी? आई काहीच बोलत नाही. अक्का मुंबईहून फोनवर सारखं "दुसऱ्या डॉक्टरला विचार" एवढंच. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत आहे. कन्नड मी बोलतो की दिवसभर, कंपनीत लेथवर शेजारी तेच लोक. पण वाचायला घेतलं की तिसरीतलं पोर होतो. उद्या दहापर्यंत सांगायचंय. कुणाच्या घरात झालं असेल तर सांगा.

निपाणीची_सिस्टर:

दादा, मी आयसीयूत चौदा वर्षं काढलीत. तुमच्या आप्पांना मी बघितलेलं नाही, त्यामुळं ठरवायचं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण मामांची भीती आधी काढते.

आवाजाची पेटी वर असते, भोक तिच्या खाली श्वासनलिकेला पाडतात. नळी आहे तोवर हवा सहसा वर जात नाही, म्हणून आवाज नाही. नळी काढली की भोक बहुतेकांचं आपोआप मिटतं आणि आवाज येतो. उलट तोंडातली नळी दहा-पंधरा दिवसांच्या पुढं तशीच ठेवली तर त्या पेटीलाच जखमा होतात. म्हणजे मामा ज्याला भितात ते न कापल्यानं व्हायची शक्यता जास्त. शिवाय गळ्यातल्या नळीतनं कफ नीट ओढता येतो, गुंगीचं औषध कमी लागतं, व्हेंटिलेटर सोडवायला सोपं जातं. पण याच्यानं मेंदू बरा होत नाही हेही घरात स्पष्ट सांगा, नाहीतर आई दुसऱ्या दिवशी "अजून शुद्धीवर का नाहीत" म्हणून दारात बसतील.

चार्टवर शुद्धीचा आकडा असेल, पंधरापैकी. पुढं "टी" लिहिलंय का बघा. त्या पंधरात पाच गुण बोलण्याचे असतात आणि नळी असली की ते धरता येत नाहीत, म्हणून टी. सात टी म्हणजे पंधरात नुसते सात असं मोजू नका. पहिल्या दिवशी किती होता आणि आज किती, हे विचारा.

आणि खिशातल्या पाकिटाचं. पित्त म्हणून सोडणाऱ्यानं विचारायला पाहिजे होतं, ते त्याचं काम. बाकी वाचणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा: असल्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं तर तो उठून चालू लागला तरी सीटी करूनच घ्यायची. रक्त सावकाश साचतं, काही तास माणूस चांगला बोलत असतो.

खानापूर_लोकल:

सिस्टरनी सांगितलंच, मी कागदाचं सांगतो. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं, एपीएलला सरकारनं ठरवलेल्या पॅकेज दराच्या 30 टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आजच गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. महाराष्ट्रानं 865 सीमागावांना महात्मा फुले योजना जाहीर केली 2023 ला, त्यावरनं दोन सरकारांत वाद झाला. पेशंट बेळगावात ॲडमिट आहे, तर आधी हातातलं कार्ड चालवा. अभिमान नंतर बघू.

आप्पांच्या बँक पासबुकात वर्षाला 20 रुपये कापलेत का बघा. ती सुरक्षा विमा योजना. दवाखान्याचं बिल देत नाही, पण अपघातानं कायमचं अपंगत्व आलं तर देते, वयाच्या 70 पर्यंत. म्हणून केस पेपरवर "जोतिबाला पायरीवरनं पडून" असं स्पष्ट लिहून घ्या. आमच्या चुलत्याच्या कागदावर नुसतं "चक्कर" लिहिलं होतं, ते दुरुस्त करायला सहा हेलपाटे.

नाव_नको:

मी कडू बोलणार आहे, माफ करा. माझ्या आईला नळी घातली, नंतर घरी आणली. चार महिने होती. कफ ओढायचं मशीन, आतली नळी धुणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातनं पेज. बायकोनं आणि मी पाळ्या लावल्या होत्या. सही केल्याचं वाईट वाटत नाही. घरी आणताना काय काय करावं लागेल हे कुणाला विचारलं नाही, त्याचं वाटतं. हवेची गादी मिळाली तोवर पाठीला जखम झाली होती. डॉक्टरांना सरळ विचारा, सहा महिन्यांनी हा माणूस कुठवर येईल असं तुम्हाला वाटतं. आकडा सांगणार नाहीत, पण तोंडावरनं कळतं.

निपाणीची_सिस्टर:

नाव_नको, बरोबर बोललात. गादीचं आताच बघा दादा, भाड्यानं पण मिळते.

उद्यमबागचा_गडी:

सगळ्यांचे आभार. सही केली. सिस्टर, आधी मामांना तुमचं वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "पेटी वर असते होय." मग स्वतःच आईला समजवायला गेले. टी होता आकड्यापुढं. पहिल्या दिवशी पाच, आज सात. सहा महिन्यांचं पण विचारलं. डॉक्टर बराच वेळ कन्नडमध्ये बोलले, शेवटी म्हणाले डाव्या हाताची आशा कमी धरा.

दुपारी भेटायला सोडलं. दहा दिवस तोंडाला चिकटपट्टी होती, आज पहिल्यांदा सगळं तोंड दिसलं. मिशी वाकडीतिकडी कापलीय. आईला बघून डोळे उघडले का तिच्या आवाजानं, काय की. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि कानामागचा गुलाल पुसायला लागली, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, राहू दे आई, आम्ही पुसतो.

गादी उद्या बघायला जातोय. बेळगावात भाड्याचा दर कुणाला माहीत असेल तर कळवा.