पावित्र्य कंठात की पोथीत?

मूळ धागा
‘पोथीत लिहिले आहे’ एवढे म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो; पण ज्या वेदांना आपण सर्वोच्च प्रमाण मानतो, त्यांच्या परंपरेत लिहिण्याला मान नव्हता. ‘पाणिनीय शिक्षा’ या वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथाने अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि गाणे म्हटल्यासारखे म्हणणाऱ्या, डोके हलवणाऱ्या पाठकांच्याच पंक्तीला ‘लिखितपाठक’, म्हणजे लिहिलेले पाहून वाचणारा, बसवला आहे. जटापाठात, म्हणजे वेद मुखोद्गत ठेवण्याच्या एका पद्धतीत, ‘अग्निम् ईळे, ईळे अग्निम्, अग्निम् ईळे’ असे शब्द सुलट, उलट आणि पुन्हा सुलट म्हणतात; एक अक्षर सरकले तरी कानाला खटकते. वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे ते कोणी रचलेले नाहीत, ही श्रद्धा माझ्या मते याच तालमीतून दृढ झाली. ज्याची मूळ प्रत नाही, त्याला कर्ता तरी कुठून आणणार?

प्रतिसाद १
तालमीचे कौतुक मान्य; पण लेखनाचा तिटकारा केवळ अचूकतेपोटी होता, हे पटत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात वेद विकणारे आणि वेदांना दूषण देणारे यांच्याबरोबर वेद लिहिणारेही नरकात धाडले आहेत. चुका टाळण्यासाठी कोणी नरकाची भीती घालत नाही. पान कोणाच्याही हाती पडते, कंठ मात्र गुरूच्या संमतीशिवाय उघडत नाही, हे त्यामागचे खरे कारण. ज्यांना तो कंठ बंद होता, त्यांच्या श्रद्धेत कागद पवित्र झाला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, या देहूच्या कथेत चमत्कार घडतो तो वह्यांच्या बाबतीत.

धागालेखक
वह्या तरल्या, पण वारकरी अभंग म्हणतो ते टाळ वाजवत, वही उघडून नव्हे. शिवाय लिहिल्याने पाठ स्थिर राहतो, असेही नाही. सच्चिदानंदबाबांनी शके १२१२ मध्ये लिहून घेतलेली ज्ञानेश्वरी शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध करावी लागली, कारण तोवर प्रतींत पाठभेद शिरले होते.

प्रतिसाद २
नाथांचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. या पाठात जो स्वतःची मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे जाणावे, असे त्यांनी शेवटी बजावले आहे. (नरोटी म्हणजे करवंटी, शापापेक्षा ही उपमा अधिक झोंबते.) जटापाठ जो पहारा देत होता, तोच इथे एका ओवीवर सोपवला आहे, आणि राखायचे आहे ते लिहिलेले पान. पारायणात ज्यांना अध्यायच्या अध्याय पाठ आहेत, तेही पोथीला गंधफूल वाहून ती समोर उघडतात आणि ओवीगणिक बोट सरकवत वाचतात. पाणिनीय शिक्षेच्या हिशेबाने हे सारे पाठक अधमच ठरतील.